बोंडअळीची चार आडनावं

२०१७ च्या हंगामात विदर्भात कपाशीची बोंडं वरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली निघाली, तेव्हा गुलाबी बोंडअळी मंत्रालयापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. बीटी बियाण्याला न जुमानणारी ही अळी जणू काल-परवा उपटली, अशा थाटात चर्चा झाल्या. प्रत्यक्षात तिची शास्त्रीय नोंद १८४० च्या दशकातली, आणि ती ज्या नमुन्यांवरून झाली ते भडोचच्या कपाशीवरचे. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिला ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’ म्हटलं. पुढे ती ‘गेलेचिया’त गेली, मग ‘प्लॅटिएड्रा’त, आणि १९१७ मध्ये बस्क यांनी स्थापलेल्या ‘पेक्टिनोफोरा’त स्थिरावली. अळी तीच, कपाशी तीच. पण तिच्यावर शंभर वर्षांपूर्वी कुणी काय लिहून ठेवलं आहे हे बघायचं, तर ही सगळी नावं ठाऊक हवीत. आज फक्त ‘पेक्टिनोफोरा’ शोधणाऱ्याच्या हाती अर्धंच कपाट लागतं.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. अभ्यास पुढे सरकतो तसा पहिला शब्द बदलत राहतो. दुसरा सहसा टिकतो. लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुलीला माहेरचे लोक जसे तिच्या नावानेच ओळखतात, तसं हे. (आपल्याकडे सासरी पाळण्यातलं नावही बदलायची रीत होती, प्राणिशास्त्राचे नियम त्या बाबतीत जास्त सभ्य.)

ही साधी वाटणारी गोष्ट ओळखून चार्ल्स डेव्हिस शेरबर्न या माणसाने प्राण्यांच्या नावांची आपली अख्खी सूची जातिनामाच्या अकारविल्हे लावली. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेले शेरबर्न काही काळ पुस्तकांच्या दुकानात होते. पुढे लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जीवाश्म साफ करण्याचं काम करू लागले. १८९० मध्ये त्यांनी ठरवलं, की लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती ज्या वर्षी निघाली त्या १७५८ पासून प्राण्यांना दिलेलं प्रत्येक नाव शोधायचं, आणि ते कुणी, कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, कधी दिलं हे चिठ्ठीवर टिपायचं. ‘इंडेक्स अ‍ॅनिमॅलियम’चा १८०० पर्यंतचा भाग १९०२ मध्ये आला, १८५० पर्यंतचा उरलेला भाग १९२२ ते १९३३ या काळात. नऊ हजारांवर पानं, सुमारे ४,४०,००० नावं, आणि काम जवळजवळ एकट्याचं. गॉसिपिएलासारख्या कीटकांचा त्यात मोठा वाटा.

यात कारकुनी किती आणि विद्वत्ता किती, असा प्रश्न आपल्याकडे हमखास येईल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली; तिच्या आधाराने प्रबंध लिहिणारे डॉक्टर झाले, दाते मात्र ‘सूचिकार’च राहिले. मला ही विभागणीच खोटी वाटते, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे.

नामकरणाचा मूळ नियम अग्रक्रमाचा: आधी दिलेलं नाव खरं. शिवाय एकच नाव प्राण्यांच्या दोन वेगळ्या प्रजातींना चालत नाही. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या, बदकासारखी चोच असलेल्या त्या चमत्कारिक सस्तन प्राण्याला ‘प्लॅटिपस’ असं नाव दिलं. पण हर्ब्स्ट यांनी १७९३ मध्येच लाकूड पोखरणाऱ्या एका इवल्या भुंगेऱ्याला ते देऊन टाकलं होतं. त्यामुळे शास्त्रात ‘प्लॅटिपस’ म्हणजे आजही तो भुंगेराच. ज्याला सारं जग प्लॅटिपस म्हणतं त्याला ‘ऑर्निथोऱ्हिंकस’ म्हणून घ्यावं लागलं.

इथे सहा वर्षांचं अंतर होतं, म्हणून निवाडा सोपा. कित्येकदा अंतर महिन्यांचं असतं, आणि मुखपृष्ठावरची तारीख दिशाभूल करते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले सचित्र ग्रंथ सुट्या भागांत, वर्षानुवर्षं निघत. प्रत्येक भागाच्या कागदी वेष्टनावर त्याची खरी तारीख असे. भाग पुरे झाले की बांधणीवाला वेष्टनं फेकून देई आणि एकाच सालाचं मुखपृष्ठ चिकटवी. मग एखादं नाव खरोखर कधी छापलं गेलं हे ठरवायचं कसं? शेरबर्न यांनी जुन्या जाहिराती, परीक्षणं, संस्थांच्या आवक-नोंदी धुंडाळल्या आणि ‘आन्सिक्लोपेदी मेथोदिक’सारख्या अवाढव्य ग्रंथाच्या एकेका भागाची तारीख लावली. हे काम ज्याला हमाली वाटतं त्याने एकदा करून पाहावं.

उलट बाजूही लंडनमधलीच. फ्रान्सिस वॉकर यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी कीटकांच्या याद्यांमागून याद्या केल्या आणि हजारो नवी नावं दिली. घाई इतकी, की एकाच कीटकाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावं पडली. १८७४ मध्ये ते वारले तेव्हा एका कीटकशास्त्रीय मासिकाने मृत्युलेखातच त्यांना फाडून काढलं. त्यांच्या याद्या निस्तरणं पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आलं. म्हणजे यादीचं मोल तिच्या लांबीत नसतं. प्रत्येक नोंदीपाशी थांबून कुणी शंका घेतली की नाही, यात असतं.

आता जुनी पुस्तकं संगणकावर आली आहेत, शोध क्षणात लागतो. पण अठराव्या शतकातला लांबट ‘एस’ यंत्राला ‘एफ’ दिसतो, आणि फेकून दिलेल्या वेष्टनाचा तर त्याला पत्ताच नसतो. ‘झूबँक’ ही अधिकृत नोंदवही आली. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या लेखनाला तिथली नोंद सक्तीची झाली. छापील नियतकालिकाला ती अट नाही. कुठल्याशा संस्थेच्या पातळ वार्षिकात छापलेलं नावही नियमांत बसत असेल तर वैध असतं. ते कुणीतरी पानं उलटून शोधायचं.

मागेही एक खिंडार आहे. शेरबर्न १८५० ला थांबले. दरवर्षीच्या नव्या नावांची नोंद घेणारं ‘झूलॉजिकल रेकॉर्ड’ सुरू होतं ते १८६४ च्या साहित्यापासून. नीव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९३९-४० मध्ये चार खंडांत प्रजातींची नावं १७५८ पासून १९३५ पर्यंत सलग लावली, पण जातींची नाही. १८५१ ते १८६३ ही मधली तेरा वर्षं म्हणजे वॉलेस मलाय द्वीपसमूहातून आणि बेट्स अ‍ॅमेझॉनमधून कीटकांच्या पेट्यांवर पेट्या लंडनला पाठवत होते तो काळ. वॉलेस यांना बाचान बेटावर सापडलेली जगातली सर्वांत मोठी मधमाशी, ‘मेगाकाइली प्लुटो’, १८६० मध्ये याच पट्ट्यात नाव घेऊन आली. ती नावाजलेली, म्हणून हरवायची नाही. तिच्याच आगेमागे ज्या असंख्य टाचणीएवढ्या माश्यांची आणि भुंगेऱ्यांची नावं छापली गेली, त्यांच्यासाठी शेरबर्नसारखी एकसलग, प्रत्येक तारीख तपासलेली सूची अजून कुणी केलेली नाही.