हा कागद कुणाला राखतो?

चकली-चिवडा करून विकणारं एक घर घ्या. नवरा भट्टीवर, बायको पाकिटं भरते, सासरे गल्ल्यावर. दुकानांनाही माल जातो, म्हणून जीएसटी नंबर घेतलेला. मोठ्या कंपनीत विवरणपत्रं भरणाऱ्याला त्याचाच पगार मिळतो. इथे रात्री कढई घासून झाल्यावर मोबाइलवर ओटीपीची वाट बघायची, आणि ते तास कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

'सगळे कागद फाडून टाका' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वैधमापन खात्याची काट्यावरची मोहोर गिऱ्हाइकाला राखते. अन्न परवान्यामुळे खाणाऱ्याला, काही बिघडलं तर, दाद मागायला जागा राहते. या कागदांचा त्रास धंदेवाल्याने सोसावा. तो दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतो. पण काही कागद फक्त फाइलीला राखतात. महिन्यात काहीच विकलं नाही, तरी तसं विवरण द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये. त्यावर 2021 मध्ये 500 ची कमाल मर्यादा आली आणि असं शून्य विवरण 2020 पासून एसएमएसनेही देता येतं, हे मान्य. तरीही काही न घडल्याचा दंड तो दंडच.

खरी बोच वेगळीच आहे. या घराने तेल घेतलं, बिलावरचा कर चुकता केला. तेलवाल्याने तो सरकारात भरलाच नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, चकलीवाल्याचं अडतं. नोटिसा काढायचा, खाती गोठवायचा अधिकार सरकारजवळ. चकलीवाल्याजवळ फक्त तेलवाल्याचा नंबर, आणि तो फोन उचलत नाही. करचोर शोधायचं काम सरकारने बिनपगारी माणसाला दिलं आणि चोर निसटला की भुर्दंडही त्यालाच. याला शिस्त म्हणवत नाही. अशा घराला मग 'कच्च्यात देऊ का?' हा प्रश्न सोयीचा वाटू लागतो. दोष त्यांचाही असेल, पण वाट कुणी दाखवली?

विश्वास टाकून बघितलेला नाही असंही नाही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली. त्याने काही आभाळ कोसळलेलं नाही.

जीएसटीत मात्र 2025 ची दिवाळी बघा. छोट्यांच्या तिमाही विवरणाची महाराष्ट्रातली तारीख 22 ऑक्टोबर, म्हणजे ऐन पाडवा. फराळवाल्यांना त्या पंधरवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. मुदत 25 पर्यंत वाढवणारी अधिसूचना निघाली 18 तारखेला. दिवाळी कधी आहे हे दिल्लीला कळायला एवढा उशीर का व्हावा? कालनिर्णय तर आदल्या वर्षीच भिंतीवर लागलेलं होतं.