लाज आणि भीड

"मुलगा अगदी गुणी आहे हो, तोंडातून शब्द म्हणून काढत नाही!" मुंबईला भायखळ्याच्या चाळीत पाहुणे आमच्या थोरल्याविषयी असे म्हणत, तेव्हा आम्हा उभयतांना धन्य वाटे. वडीलधारी माणसे बोलत असता मध्ये तोंड घालू नये, चार लोकांत आपले अज्ञान दाखवू नये, शिकवतील ते मुकाट्याने ऐकावे, या वळणात आम्ही वाढलो आणि तेच वळण मुलांना लावले. त्यात काही चुकते आहे असे तेव्हा मनातही आले नाही. अलीकडे मात्र एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. बुजरेपणा हा गुण की दोष? आणि दोष असेल, तर तो कुणाचा?

१९७४ साली आम्ही इस्राएलला आलो तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. शाळा झाली, सैन्यातली तीन वर्षे झाली, आणि १९८४ साली सुक्कोथचा सण आटोपल्यावर तो विद्यापीठात दाखल झाला. लोदहून रोज बसने जायचा, त्या प्रचंड वर्गात शेवटच्या रांगेत बसायचा आणि जसा गेला तसा परत यायचा. हिब्रू त्याला आमच्यापेक्षा कितीतरी चांगली येत होती, म्हणजे अडचण भाषेची नव्हती. की होतीच? हिब्रूत 'अहो' नाही, 'आपण' नाही. येथे विद्यार्थी प्राध्यापकाला त्याच्या नावाने हाक मारतात आणि सरळ 'अता', म्हणजे 'तू', म्हणून मोकळे होतात. आमच्या घरी शेजारच्या मास्तरांनाच काय, दूधवाल्या भय्यालाही अहो-जाहो करण्याची रीत. मुलाने पुढे कधीतरी सांगितले, की प्रश्न मनात तयार असे, पण त्या पहिल्या 'तू'पाशीच जीभ अडे. सैन्यात निभावले, कारण तेथे हुकूम ऐकायचा असतो, विचारायचे काही नसते.

गणिताच्या पेपरात तो नापास झाला. येथे परीक्षेची दुसरी संधी मिळते, तिला 'मोएद बेत' म्हणतात. तीतही नापास झाला. घरी त्याने एक अक्षर सांगितले नाही. "कसे चालले आहे रे?" असे आम्ही विचारीत असू. "ठीक," तो म्हणे. त्यापुढे विचारायची आम्हालाच भीड. आम्ही कारखान्यात राबणारी माणसे, विद्यापीठातले आम्हाला काय कळणार? अशा रीतीने एकाच टेबलावर तीन माणसे एकमेकांची भीड बाळगून वर्षभर जेवत होती.

पेसाखच्या सुटीनंतर नाव काढून घ्यायचे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. त्याच्या वर्गात किब्बुत्सची एक मुलगी होती, पायात चपला, तोंडाची फटकळ. हात वर करायचीही तिला सवय नव्हती. आमच्या पिढीने तिला उद्धटच म्हटले असते. एके दिवशी तिने मोठ्याने विचारले, "ही ओळ कुठून आली?" आमच्या चिरंजिवांचे घोडे तीन आठवडे नेमके त्याच ओळीपाशी अडले होते. प्राध्यापक फळ्याकडे पाहात राहिले, मग म्हणाले की मधली एक पायरी आपण गाळली आहे. त्यांनी फळा पुसला आणि पुन्हा आरंभ केला. सारा वर्ग माना खाली घालून भराभर लिहू लागला.

"न समजलेला मी एकटाच नव्हतो, हे मला त्या दिवशी कळले," असे मुलगा म्हणतो. आम्हाला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. तो प्रश्न तीन आठवडे त्याच्या खिशात होता. बुजरा माणूस आपलेच नुकसान करतो, दुसऱ्याचे काही घेत नाही, अशी आपली समजूत. पण त्या वर्गातले कितीतरी जण त्याच प्रश्नासाठी खोळंबले होते. आपला प्रश्न केवळ आपलाच असतो, हेही एक प्रकारे अहंकाराचेच बोलणे नाही का?

पिर्के आबोथमध्ये हिल्लेलचे मत दिले आहे, की लाजाळू माणसाला विद्या येत नाही. उलट तलमूदात दुसरीकडे लज्जाशीलता हे आपल्या लोकांचे एक लक्षण सांगितले आहे. मग खरे काय मानावे? आमच्या अल्पबुद्धीला वाटते, की मराठीने येथे आपली सोय करून ठेवली आहे. लाज वेगळी आणि भीड वेगळी. वाईट कृत्य करताना वाटावी ती लाज. ती गेली तर माणूस गेला. लोक काय म्हणतील म्हणून वाटते ती भीड, आणि भीड भिकेची बहीण हे आपल्या आज्या सांगतच आल्या. न समजणे हे काही वाईट कृत्य नव्हे. आम्ही मुलाला दोन्ही एकाच पुडीत बांधून दिली, ही चूक आमची. (नुसता आपला आवाज ऐकवण्यासाठी प्रश्न विचारणारेही असतात. त्यांचा आम्हाला आजही कंटाळा आहे.)

हिल्लेलच्या त्याच बोलण्याचा पुढचा भाग मुलांना सहसा कुणी ऐकवत नाही. तापट माणसाला शिकवता येत नाही, असेही तो म्हणतो. आणि त्याची स्वतःची गोष्ट? द्वारपाळाला द्यायला पैसे नव्हते म्हणून तो पाठशाळेच्या छपरावर चढला आणि झरोक्याला कान लावून पडून राहिला. ऐन थंडीचे दिवस, रात्रभर बर्फ पडले. सकाळी आत अंधार का, म्हणून शमाया आणि अब्तालिओन या गुरूंनी मान वर केली, तेव्हा तो दिसला. शब्बाथ असूनही त्यांनी त्याला खाली उतरवून शेकोटीजवळ बसवले. हा महापुरुषही त्या रात्री गप्पच पडून होता. मान वर करणारे भेटले म्हणून वाचला.

आमच्या मुलाने पुढच्या वर्षी तो पेपर पुन्हा दिला. पदवीला एक वर्ष अधिक लागले, एवढेच.

यंदा त्याची धाकटी मुलगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. जन्म येथला, शिक्षण येथले, तरी स्वभाव बापाचा. गेल्या शुक्रवारी रात्री किद्दुश झाल्यावर जेवताना एक पाहुण्या मावशी तिच्याकडे पाहून आम्हाला म्हणाल्या, "किती गुणी पोर आहे हो, आवाज नाही!" आम्ही सवयीने हसलो. मुलाने माशांच्या कालवणाचे भांडे मावशींपुढे सरकवले आणि म्हणाला, "मावशी, वर्ग कसा वाटतो ते तिलाच विचारा ना. आम्ही थांबतो."

ती बराच वेळ बोलली नाही. आम्हीही जेवणात हात घातला नाही.