चावी इथं ठेव

बसू नका. तिघंही उभे राहा. खुर्ची पाहुण्याला देतात, आणि आज तुम्ही पाहुणे म्हणून आलेले नाहीत, मी बोलावून आणलंय. आणि तू, तो मोबाइल आधी खिशात घाल. तुझा व्हिडिओ मला बघायचा नाही. काल मी बांधावर उभा होतो. व्हिडिओत आलं नाही तेसुद्धा मी पाहिलंय.

काकू चहा टाकत होती, नको म्हटलं तिला. रागावलेल्या माणसानं चहा पाजू नये, राग पातळ होतो.

एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून पारावर बसून 'सर म्हातारे झाले, त्यांना काय कळतं रेसिंगमधलं' असं म्हणायला नको. तुम्ही शर्यत लावली म्हणून मी चिडलेलो नाही. ऊस तुटून गेलेलं रान, मालकाला विचारलेलं, वळणावर जुने टायर रचलेले, चुन्याची रेघ ओढलेली, सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट. मला तर बरं वाटलं. तोरणमाळच्या घाटात जाऊन एकमेकांना चेव देण्यापेक्षा, रात्री साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून गाड्या घुसवण्यापेक्षा हे शंभर पटीनं शहाणपणाचं. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, पहिल्याच वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तुम्ही ते टाळलंत. म्हणून तर मी हे गुडघे घेऊन लोणखेड्याच्या या टोकापासून त्या रानापर्यंत चालत आलो. आपली पोरं काय करतात ते बघावं म्हटलं.

बघितलं.

पाचवा फेरा. शेवटचं वळण. तू आतल्या बाजूला, शहाद्याचा तो पोरगा बाहेरून. तो तुझ्या बरोबरीला आला होता, अर्धं चाक पुढंच होता. तू हँडल सरळ ठेवायचं, तुझ्या रेघेत राहायचं. तू काय केलंस? बाहेर सरकलास. घसरला नाहीस, सरकलास. मी चाळीस वर्षं फळ्याकडं तोंड करून वर्गात कोण काय करतंय ते ओळखलंय, मला घसरणं आणि सरकणं यातला फरक शिकवू नकोस. तो टायरांवर गेला, गाडी एकीकडं, तो एकीकडं. पण ते सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. वेगात माणसाच्या हातून होतं. त्यानंतरचं नाही घालणार.

तू मागं वळून पाहिलंस. तू पाहिलंस, हे मी पाहिलं. आणि मग दोन्ही हात वर केलेस.

त्या पोराच्या गळपट्टीचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे. तू काल रात्री स्टेटसला काय ठेवलं होतंस ते मला नातवानं दाखवलं. वर आग, खाली मुकुट.

'सर, रेसिंगमध्ये चालतं'? कुणी सांगितलं तुला? हां, तुझ्या खोलीत तो पिवळ्या हेल्मेटवाला लावलाय, एफ-वनचा सेन्ना. मला वाटलंच तू त्याचं नाव घेणार. बरं केलंस. १९९० साली जपानमध्ये सुझुकाला पहिल्याच वळणावर सेन्नानं प्रॉस्टच्या गाडीवर गाडी घातली. दोघं बाहेर, आणि गुणांच्या हिशेबानं विजेतेपद सेन्नाचं. वर्षभरानं त्यानं स्वतःच कबूल केलं की ते ठरवून केलं होतं. आदल्या वर्षी त्याच सुझुकाला दोघांची टक्कर झाली होती, त्याला बाद केलं होतं, तो राग मनात होता. राग खरा असेल. केलेलं काम घाणेरडंच. पुढं १९९७ ला शूमाकरनं हेरेझला व्हिलनव्हच्या गाडीवर तसंच चाक टाकलं, तर त्याची स्वतःची गाडी खडीत रुतली, व्हिलनव्ह विश्वविजेता झाला, आणि शूमाकरचं त्या वर्षीच्या क्रमवारीतलं दुसरं स्थानच काढून घेतलं. एवढा मोठा माणूस, सात वेळचा विजेता, पण त्याचं नाव निघालं की आजही कुणीतरी हेरेझ म्हणतंच.

पण तुझ्या त्या पोस्टरवाल्याचं दुसरंही एक सांगतो, ते तुझ्या रीलमध्ये येत नाही. १९९२. बेल्जियम, स्पाचा ट्रॅक, शर्यतीआधीचा सराव. एरिक कोमास नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरची गाडी आपटली आणि तो आत बेशुद्ध. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, इंजिन किंचाळतंय. सेन्ना मागून आला. त्यानं आपली गाडी थांबवली, उतरला, आणि मागून गाड्या येत असताना ट्रॅकवरून धावत जाऊन कोमासच्या गाडीचं इंजिन बंद केलं. आग लागू नये म्हणून. मग त्याचं डोकं धरून बसला, मदत येईपर्यंत.

तोच माणूस. दोन वर्षांचं अंतर. तू १९९० चा धडा पाठ केलास आणि १९९२ चं पान फाडून टाकलंस. परीक्षेला बसताना असंच करायचास तू, सोपं तेवढं करून यायचास.

आता जरा गणित कर, माझ्यासमोर. तुझा काटा साठवर होता म्हणालास. ताशी साठ म्हणजे सेकंदाला किती? ... सोळा मीटर नाही, साडेसोळाच्या वर. डोळा मिटून उघडेस्तोवर गाडी पाच मीटर गेलेली असते. तुम्हा दोघांत अंतर होतं दोन हातांचं. म्हणजे त्या वळणावर त्याचा जीव त्याच्या ब्रेकवर नव्हता, तुझ्या हातावर होता. तो बाहेरून आला तो कशाच्या भरवशावर? हा आपल्या रेघेत राहील, या भरवशावर. शर्यतीत दुसरं काही नसतंच रे. ज्याला हरवायचं, त्याच्यावरच सगळ्यात जास्त भरवसा टाकायचा. तू तो भरवसा बघितलास आणि नेम धरलास.

गप्प राहा. तुझी पाळी झाली. आता तू.

हो, तूच. केटीएमवाला. तुला वाटलं सरांनी फक्त याला बोलावलंय आणि मी आपला शोभेला. तू तिसरा होतास. तो पोरगा जमिनीवर पडला होता, एक हात छातीशी धरून. तू त्याला वळसा घातलास. व्यवस्थित, सफाईनं, जसा माणूस रस्त्यातल्या खड्ड्याला घालतो तसा. आणि दुसरा आलास. पैजेतले दोनशे रुपये मिळाले ना? मोजून घेतलेस?

तुझी गाडी चाकणला बनते, माहीत आहे ना? आणि डकार रॅलीचे व्हिडिओ तू बघतोस. मग १२ जानेवारी २०२० चं बघितलंयस का? सौदी अरेबियाचं वाळवंट, सातवा टप्पा. पाउलो गोन्साल्विस नावाचा पोर्तुगालचा रायडर, चाळिशीचा, गाडी आपल्या हिरो कंपनीच्या टीमची. तो पडला. मागून आला टोबी प्राइस, ऑस्ट्रेलियाचा, केटीएमचा, आदल्या वर्षीचा विजेता. त्याला पुन्हा जिंकायचं होतं, डकारमध्ये एकेका मिनिटासाठी माणसं हाडं झिजवतात. तो थांबला. मदत बोलावली आणि त्याच्याजवळ राहिला. गोन्साल्विस वाचला नाही. हिरोच्या टीमनं तिथंच शर्यत सोडली.

आणि हाच गोन्साल्विस, चार वर्षांपूर्वी, २०१६ च्या डकारमध्ये होंडावर होता आणि आघाडीच्या चुरशीत होता. तेव्हा वाटेत मॅथियास वॉकनर मांडीचं हाड मोडून पडलेला दिसला, केटीएमचा, म्हणजे विरुद्ध कंपनीचा. गोन्साल्विस घड्याळ सोडून त्याच्यापाशी थांबला. गेलेला वेळ संयोजकांनी पुढं त्याला परत दिला. पण थांबताना त्यानं 'मला वेळ परत मिळेल का' असं विचारलं नव्हतं.

मोटारींच्या रॅलीत तर प्रत्येक गाडीत एक फलक ठेवावा लागतो. अपघात झाला आणि माणसं ठीक असली तर 'ओके' दाखवायचं, मदत हवी असली तर 'एसओएस'. तो एसओएस दिसूनही जो पुढं निघून जातो त्याला शिक्षा होते. नियमच आहे. का केला असेल नियम? कारण तुझ्यासारखे वळसा घालणारे तिथंही असतात. तू फलक शोधत होतास का रे? तो पोरगा विव्हळत होता.

'सर, मला वाटलं मागचे थांबतील.' मागचे! तुझ्या मागं कोण होतं? बांधावर म्हातारा मी आणि दोन शेळ्या.

आणि हे तिसरे महाशय. निशाण घेऊन उभे होते. निशाण म्हणजे बापाचा लाल रुमाल, पण उभे राहण्याचा थाट न्यायाधीशाचा. त्या पोराचा भाऊ तुझ्याकडं आला, म्हणाला, तू समोरच होतास, सांग काय झालं. तू म्हणालास, मला नीट दिसलं नाही, धुरळा होता.

धुरळा नव्हता. आदल्या दिवशी त्या रानाला पाणी सोडलं होतं, म्हणून तर चुन्याची रेघ टिकली. तुला सगळ्यात जास्त दिसत होतं. या दोघांपेक्षा मला तुझा राग जास्त आहे, लक्षात ठेव. यांची डोकी तापली होती. तुझं थंड होतं.

तुला एक माणूस सांगतो. स्टर्लिंग मॉस. १९५८ साल, पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या रस्त्यांवर ग्रां प्री. मॉस जिंकला. त्या वर्षीचा त्याचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न, फेरारीवाला, तो दुसरा आला. पण शेवटी शेवटी हॉथॉर्नची गाडी गोल फिरून बंद पडली होती, आणि त्यानं ती ढकलून चालू केली होती. पंचांनी त्याला पकडलं. ट्रॅकवर उलट्या दिशेनं गाडी नेली म्हणाले, बाद. बाद झाला असता तर सात गुण गेले असते, दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि सगळ्यात वेगवान फेऱ्याचा एक. मॉसला काय करायचं होतं? काहीच नाही. तुझ्यासारखं नुसतं गप्प राहायचं होतं. तो पंचांकडं गेला आणि म्हणाला, मी पाहिलंय, गाडी तेव्हा ट्रॅकवर नव्हती, फूटपाथवर होती. त्याच्या साक्षीनं हॉथॉर्नचे गुण परत आले. वर्ष संपलं तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१. कर वजाबाकी. मॉसनं त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननं एक. तरी विश्वविजेता हॉथॉर्न. मॉस पुढं कधीच विश्वविजेता झाला नाही. नव्वद वर्षं जगला आणि २०२० साली गेला.

आणि हॉथॉर्न? विजेता झाल्यावर त्यानं शर्यती सोडल्या. तीनच महिन्यांनी, १९५९ च्या जानेवारीत, इंग्लंडच्या साध्या रस्त्यावर, पावसाच्या दिवसात, ओळखीच्या एकाची मर्सिडीज मागं टाकली आणि पुढं त्याची गाडी घसरली. त्यातच गेला, वय २९. हे शर्यतीतलं नाही, पण तोरणमाळचं नाव निघालं म्हणून मधेच सांगितलं. कानात ठेवा.

'आमची काय एफ-वन आहे का सर?' नाही ना. म्हणून तर सोपं होतं. मॉसचं विश्वविजेतेपद जाणार होतं, तुझं काय जाणार होतं? या दोघांशी दोस्ती? दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी पेट्रोलला पैसे मागायला आले असते.

आपल्याकडं शर्यती काही आजच्या नाहीत. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोडे धावतात, ते बघत तुमचे आजे मोठे झाले. बैलगाड्यांच्या शर्यती तर गावोगाव होत्या. त्या कशानं बंद पडल्या? मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. गावातले लोक तेव्हा फार चिडले, परंपरा बुडाली म्हणाले. मीही चिडलो होतो थोडा, खोटं कशाला बोलू. पण कुणी शेपूट पिरगाळत होतं, कुणी टोच्या मारत होतं, आणि कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं. बोललं कुणीच नाही. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं दुसऱ्यांना कोर्टात जावं लागलं. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या अटींवर, आणि २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा टिकवला. साडेसात वर्षं गेली मधे. खेळ बंद पाडायला बाहेरचं कुणी लागत नाही रे. एक टोच्या मारणारा आणि शंभर 'धुरळा होता' म्हणणारे पुरतात.

उद्या त्या रानाचा मालक तुम्हाला पाय ठेवू देणार नाही. सकाळी आला होता माझ्याकडं. मी त्याला आठ दिवस थांब म्हटलंय. का म्हटलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

गाडी शिकायची आहे ना खरंच? कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथं जा, लायसन्स काढा. वेगाच्या आधी निशाणं शिका. पिवळं दिसलं की पुढं धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही. निळं दिसलं की मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्यायची. वाट द्यायची! हे तुला ऐकायलासुद्धा जड जाईल, पण फेरा मागं पडलेल्याला ती द्यावीच लागते. आणि लाल म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. तुझ्या हातात लालच रुमाल होता की रे. काल तो वर करायचा होतास.

बास. माझा घसा दुखला.

आता ऐका. पैजेचे पैसे टेबलावर काढा. सगळे. तूही, दोनशे. ते त्या पोराच्या औषधाला जातील, आणि कमी पडतील ते तुम्ही उसाच्या तोडीवर जाऊन मिळवा नाहीतर बापाकडं मागा, मागताना कशासाठी ते सांगा. तू त्याच्या भावाला सांगायचंस की तुला दिसलं होतं. काय दिसलं तेही सांगायचंस. हा शेजारी उभा असताना. तू स्टेटस आत्ता काढ. आत्ता, माझ्यासमोर. आणि त्या पोराच्या आईसमोर काय बोलायचंस ते मी सांगणार नाही, ते तुझं तू वाटेत ठरव. ती ओरडेल. ओरडू दे. मधे बोलू नकोस.

नाही, गाडीवर नाही. शहादं काही लांब नाही. चावी इथं ठेव. तुझीही. चालत जा.