गप्प झाला म्हणजे रुळला?

मांजलपूरच्या एका घरातल्या मुलानं ग्रुपवर विचारलं, "आमच्याकडे शुगर ग्लायडर आणलाय. हात नेला की किरकिरतो. तो माझ्यावर विश्वास कधी ठेवेल?" उत्तरं भराभर आली. एका काकांनी लिहिलं, "दोन वेळ उपाशी ठेव आणि मग हातातूनच दे. झक मारत येईल."

येईलही. पण त्याला विश्वास म्हणायचं का?

हा जीव मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला. वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, तो ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. दिवसभर झोपतो, रात्री जागतो, आणि राहतो कळपात. आपलं कोण, परकं कोण, हे तो मुख्यतः वासावरून ओळखतो. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवणं धोक्याचंच, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. भुकेनं हातावर येतो ती लाचारी. आणि वाईट हे, की बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

जाणकार वेगळंच सांगतात. आपला वापरलेला सुती रुमाल त्याच्या झोपायच्या जागी ठेवा. दिवसा त्याला कापडी बटव्यात घालून छातीशी बाळगा, पण उठवू नका. रात्री बंद खोलीत त्याला मोकळा सोडून आपण नुसतं बसून राहा, पकडायचं नाही. त्यानं आपल्या अंगावर चढायचं की पडद्यावर, हे त्याचं त्याला ठरवू द्या. याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणजे साधना त्यानं नाही, आपण करायची! ज्याला लांब जाता येतं तो जवळ आला, तरच त्या येण्याला काही किंमत.

आपण घरातल्या माणसांच्या बाबतीतही इथेच फसतो. नवी सून तीन महिन्यांत उलट बोलेनाशी झाली की म्हणतो, "छान रुळली हं!" गावाहून आणलेले आजोबा काही मागेनासे झाले की आपल्याला बरं वाटतं. ग्लायडरचं किरकिरणं थांबलं तर तो निर्धास्त झाला असेल, किंवा थकून त्यानं नाद सोडला असेल. एकटा पडलेला ग्लायडर कधीकधी स्वतःचंच अंग कुरतडतो. तो शांतच असतो.

आणखी एक अडचण आहे. खोलीत मोकळा सोडला तरी त्याची निवड खोलीपुरतीच. जंगल आपण परत देऊ शकत नाही. राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून लोक परदेशी प्राण्यांकडे वळतात. पण कायदा लागू नाही म्हणून ऋण फिटत नाही. आपल्या विश्वामित्रीतल्या मगरींचं बघा. २०२४च्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या, लोकांनी धरवून दिल्या. त्यांना माया लावायला कुणी गेलं नाही, तरी वडोदरा त्यांच्या शेजारी राहतंच आहे. अंतर राखणं हाही एक मान आहे.

ज्यांनी आणलाय त्यांनी मात्र जोडीला दुसरा आणायचा विचार करावा. आणि जे आणणार आहेत त्यांनी आधी बघावं, रात्री दहानंतर आपल्या घरात जागं कोण असतं.