पक्षिणीचें घरटें आणि धाब्याचा कठडा

वचन : अनुवाद, अध्याय २२, ओंव्या ६ ते ८.



मोशेच्या नियमशास्त्राच्या या अध्यायांत दोन आज्ञा एकमेकींस लागून आल्या आहेत. पहिली पक्षिणीविषयीं आहे. वाटेनें जातांना घरटें सांपडलें व आई पिलांवर बसलेली दिसली, तर दोघांनाहि घेऊन जाण्याची मनाई आहे. दुसरी घर बांधणाराविषयीं आहे. त्यानें धाब्यास कठडा केला नाहीं व कोणी वरून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. एक आज्ञा रानांतील जिवाची, दुसरी मनुष्याच्या जिवाची. ह्या दोहोंचा एकमेकींशीं काय संबंध, असा प्रश्न दूरच्या वाचकास पडेल. परंतु जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील मनुष्यास तो पडूं नये. आपल्या उसाच्या फडांत ह्या दोन्ही आज्ञा एकाच सकाळीं एकाच सरींत आपणांस गांठतात.

दिवाळी झाली कीं विघ्नहर व भीमाशंकर या कारखान्यांच्या चिमण्या पेटतात आणि बीड, अहिल्यानगर इकडून कोयत्यांच्या टोळ्या येतात. पूर्वी याच थंडीच्या दिवसांत देशभर शिकारीचा हंगाम सुरू होई. साहेबलोक व संस्थानिक तंबू ठोकीत, हांकेवाले गोळा होत, मचाणाखालीं बकरें बांधलें जाई, आणि वाघ किंवा बिबट्या मारणारास इंग्रज सरकार बक्षीस देत असे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो हंगाम संपला. त्याबद्दल आम्हांस दुःख नाहीं. पण जुन्या शिकाऱ्याच्या अंगीं एक गुण असे, त्याची मात्र आम्हांस आठवण होते. बार टाकण्यापूर्वी तो महिनाभर पाहत असे. पाणवठा कोणता, वाट कोणती, माग ताजा कीं शिळा, मादीबरोबर पिलें आहेत कीं काय, हें सर्व तो जाणून घेई. बंदूक गेली तें बरें झालें. तिच्याबरोबर तें पाहणेंहि गेलें, तें कांहीं बरें झालें नाहीं.

खोडदच्या माळावर उभ्या असलेल्या मोठ्या तबकड्या आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतील. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ही दुर्बीण उभारली. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद. अशा एकंदर ३०. त्यांपैकीं १४ खोडदजवळ दाटीनें आहेत आणि १६ तीन फांट्यांनीं दूरवर पसरल्या आहेत. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकण्यासाठीं ही सर्व खटपट आहे. एवढ्या दूरचें ऐकणारे लोक आपल्या शेजारीं राहतात, आणि आपण मात्र आपल्याच बांधावरील चिखलांत रात्रीं कोण चालून गेलें हें ओळखीत नाहीं! पाहणें कांहीं कठीण नाहीं. कुत्र्याच्या किंवा तरसाच्या पायाच्या ठशांत नखें उमटतात. बिबट्या चालतांना नखें आंत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशांत बहुधा नखें दिसत नाहींत. ठसा वाटोळा असतो, आणि गादीच्या मागल्या कडेस तीन उंचवटे दिसतात. मोठ्या ठशाजवळ लहान ठसे असले, तर त्या उसांत मादी व्यालेली आहे, असें समजून तोड लावण्यापूर्वींच वनखात्यास कळवावें.

बिबट्या येथें आला कसा, हेंहि नीट समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर बोट चुकीच्या दिशेस जातें. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, येडगांव, माणिकडोह, डिंभे यांचें पाणी कालव्यांनीं फिरलें, आणि जेथें बाजरी व हुलगा होत असे तेथें ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतांत असतो. उंच, दाट, गार, आणि आंत मनुष्याची वर्दळ नाहीं. बिबट्यास याहून अधिक काय पाहिजे? वस्तीभोंवतीं मोकाट कुत्रीं आहेत, डुकरें आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यांत संशोधकांनीं बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हां त्याच्या आहारांत कुत्र्यांचा वांटा वजनानें ३९ टक्के निघाला आणि शेळ्यांचा ११ टक्केच. उसांत जन्मलेल्या पिलांच्या पोटीं उसांतच पिलें झालीं. सह्याद्रीचें जंगल त्यांनीं पाहिलेंहि नसेल. 'त्याला त्याच्या घरीं नेऊन सोडा' असें आपण म्हणतों, पण त्याचें घर आपलें शेतच झालें आहे.

हें करून पाहिलेंच नाहीं असें नव्हे. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर भागांत पुष्कळ बिबटे पिंजऱ्यांत धरून दूर जंगलांत सोडण्यांत आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्याचा परिणाम दिला आहे. मनुष्यांवरील हल्ले पूर्वीं वर्षाला सरासरी ४ होत, ते त्या काळांत वर्षाला १७ झाले. परक्या मुलखांत सोडलेला प्राणी बावरतो, भटकतो. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा येऊन घेतो. २००९ सालीं पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें एक वयस्क नर विहिरींत पडला. त्याला वर काढून, गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें. त्याचें नांव आजोबा ठेवण्यांत आलें. तो रस्ते, लोहमार्ग व वस्त्या ओलांडीत सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोंचला, आणि वाटेंत त्यानें कोणा मनुष्यास इजा केली नाहीं. २०११ सालीं महामार्गावर वाहनाच्या धडकेनें तो मेला.

परंतु हें सांगतांना आम्ही अतिशय जपून बोलतों. ज्या आईचें लेकरूं अंगणांतून उचललें गेलें, तिच्यापुढें बिबट्याच्या सौंदर्याचें व्याख्यान करणारा उपदेशक निर्दय होय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांत पिंपरखेडच्या परिसरांत थोड्याच आठवड्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोकांनीं संतापून महामार्ग अडविला, आणि शेवटीं एक नर बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला. तेथील शेतकरी गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घालून शेतांत जाऊं लागले. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यांत असा पट्टा आपण लहानपणापासून पाहत आलों. तो मनुष्याच्या गळ्यांत आला, यावरून त्या भयाची कल्पना करावी. अशा समयीं नरभक्षक ठरलेल्या जनावरास मारणें हें पाप आहे काय? नोहाशीं केलेल्या करारांत देवानें मनुष्याच्या रक्ताचा झाडा पशूपासूनहि घेईन असें ठरविलें आहे; आणि आपल्या देशाचा कायदाहि मनुष्यास धोकादायक ठरलेल्या पशूविषयीं मुख्य वन्यजीव रक्षकास तसा हुकूम देण्याचा अधिकार देतो. सद्भावनेनें स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचवितांना जो घाव बसतो, त्याला तो कायदा गुन्हा म्हणत नाहीं. तेव्हां त्या गोळीबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. पण विष घातलेलें मढें, तारेचा फांस, आणि बिबट्या दिसला म्हणजे मोबाईल काढून त्याच्याभोंवतीं कडें करणारी गर्दी, ह्यांना पवित्र शास्त्राचा किंवा कायद्याचा कसलाच आधार नाहीं. त्या गर्दींत बहुधा गर्दींतलाच कोणी तरी जखमी होतो.

डोंगरांतील आमचे महादेव कोळी व ठाकर शेजारी वाघोबाचा दगड पुजतात आणि वाघबारस पाळतात. आपण सृष्ट वस्तूची पूजा करीत नाहीं. तथापि ह्या रानांत आपल्याखेरीज दुसराहि कोणी हक्कानें राहतो, ही जाणीव त्या दगडापाशीं आहे. ती आपल्या मंडळ्यांत कमी असावी, हें आपणांस शोभत नाहीं. एकशें चारावें स्तोत्र ज्यांना पाठ आहे त्यांना तरी ठाऊक असलें पाहिजे. तेथें देवानें दिवसाची वांटणी करून दिली आहे. रात्र रानपशूंची, सूर्य उगवला कीं ते आपापल्या गुहांत निजतात, आणि मनुष्य कामास निघतो तो संध्याकाळपर्यंत. सिंहाची गर्जना ही देवाजवळ केलेली अन्नाची मागणी होय, असें स्तोत्रकर्ता मानतो. ही वांटणी बिबट्यानें बव्हंशीं पाळली आहे. ती मोडली आपण. आणि आपण म्हणजे कोण, तर रात्रीच्या पाळीची वीज घेऊन दोन वाजतां पाणी भरावयास जाणारा गरीब शेतकरी नव्हे. त्याला दिवसा वीज मिळाली असती तर तो अंधारांत सरींत वाकून उभा राहिला नसता. वाकलेला किंवा बसलेला मनुष्य बिबट्यास लहान जनावरासारखा दिसतो, हें जाणत्यांचें मत आहे. दिवसाच्या विजेसाठीं ग्रामसभेंत ठराव आला तर त्यावर हात वर करणें, हेंहि आम्ही त्या स्तोत्राचें पठणच समजतों.

आतां वचनाकडे वळूं. तोड चालू असतां सरींत पिलें सांपडतात. डोळे नुकतेच उघडलेलीं, मांजराएवढीं. पहिली हौस अशी कीं उचलावें, घरीं न्यावें, चित्र काढावें. हेंच तें घरटें. आई दूर गेलेली नसते; ती शेजारच्या उभ्या उसांत असते, आणि पिलें नाहींशीं झालेली मादी चवताळून त्याच वस्तीभोंवतीं फिरते. म्हणून तोड तेथेंच थांबवावी, माणसें मागें घ्यावीं, पिलांस हात लावूं नये, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. खात्याचे लोक व माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रांतील वैद्य येतात, पिलें तपासतात, आणि संध्याकाळीं त्याच जागीं टोपल्यांत किंवा खोक्यांत ठेवून कॅमेरा लावून दूर होतात. पुष्कळदां त्याच रात्रीं मादी येते, खोकें लवंडते आणि एकएक पिलूं तोंडांत धरून नेते. आपल्या भागांत हें वारंवार घडलें आहे. एक दिवसाची तोड बुडते खरी. मुकादम कुरकुर करील, करूं द्यावी.

आणि हा कठडा. त्याच नियमशास्त्रांत, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत, खड्डा उघडा ठेवणाऱ्याविषयीं व मारक्या बैलाच्या धन्याविषयींहि नियम आहेत. उघड्या खड्ड्यांत दुसऱ्याचें जनावर पडलें तर त्याची भरपाई खड्डेवाल्यानें करावी. बैल मारका आहे हें धन्यास कळविलें असूनहि त्यानें तो बांधला नाहीं, तर दोष बैलावर थांबत नाहीं, धन्यापर्यंत येतो. आपणांस पुष्कळदां कळविण्यांत आलें आहे. आपल्या किती विहिरींना कठडा आहे? टाकळीचा आजोबा जसा पडला तसे बिबटे आजहि पडतात, आणि कधीं शेजाऱ्याचें पोर पडतें.

पण आमच्या मनांत विहिरीपेक्षां कोपीचा विचार अधिक येतो. उसाच्या वाढ्यांनीं शिवलेली ती कोपी, दार म्हणून एक गोणपाट, आणि आंत भुईवर निजलेलीं मुलें. आईबाप पहांटेच्या अंधारांत कोयता घेऊन फडांत जातात. चारपांच वर्षांची पोर तान्ह्यास सांभाळीत मागें राहते. आपल्या गांवाचा ऊस तोडावयास आलेलीं तीं माणसें आपल्या मतदारयादींत नाहींत आणि आपल्या मंडळीच्या पटावरहि नाहींत, म्हणून त्यांचा जीव कोणाच्या हिशेबीं धरला जात नाहीं. मोशेनें कठड्याविषयीं लिहितांना पडणारा कोण, घरचा कीं परका, हें विचारलेलें नाहीं.

यास्तव ज्यांच्या बांधावर यंदा कोप्या पडणार आहेत त्यांनीं टोळी येण्यापूर्वींच जागा पाहून ठेवावी. ती उभ्या उसास खेटून नसावी. भोंवतालचें गवत काढलेलें असावें. एक दिवा रात्रभर जळेल अशी तार ओढून द्यावी. निजण्यास बाजा किंवा फळ्या, आणि तिन्ही अंगांस जुने पत्रे, एवढें कोणाच्याहि खळ्यांत पडलेलें असतें. बकरीं व कुत्रीं कोपीच्या दारांत बांधूं देऊं नयेत. बायकांना अंधारांत परसाकडे जावें लागूं नये म्हणून आपला संडास त्यांना उघडा ठेवावा. यांत कांहींच्या मनास जड जाईल, हें आम्ही जाणतों. तोड एका बाजूनें लावून दुसऱ्या बाजूस वाट मोकळी ठेवावी, म्हणजे आंत जनावर असलें तर त्यास निघून जातां येईल.

राहिला मुलांचा प्रश्न. पुष्कळ गांवीं आपलें उपासनामंदिर आठवड्यांतील सहा दिवस कुलूपबंद असतें. त्याची किल्ली कोणापाशीं राहील आणि पहांटे चार वाजतां दार कोण उघडील, हें पंचांनीं येत्या रविवारच्या उपासनेनंतर बसून ठरवावें, म्हणजे टोळी उतरेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोपींतील मुलांस तेथें आणून निजवितां येईल.