दोन चंद्र आणि एक दुर्बीण

आपल्या दर्शनशास्त्रांत भ्रमाची काही उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत: दोरीवर भासणारा साप, शिंपल्यात दिसणारी चांदी आणि आकाशातले दोन चंद्र. पहिल्या दोन उदाहरणांत अंधूक उजेड, भीती किंवा लोभ यांचा हात असतो. तिसऱ्यात मात्र दोष सरळ साधनाचा आहे. डोळ्याला तिमिर जडले किंवा बुबुळ बोटाने दाबले, की एका चंद्राचे दोन होतात. हे जुने उदाहरण आज स्वस्त द्विनेत्री दुर्बिणीत जसेच्या तसे भेटते. तिच्या दोन नळ्यांचे अक्ष एकमेकांशी समांतर नसले, तर खरोखरच दोन चंद्र दिसू शकतात. म्हणून अशी दुर्बीण पारखणे हा निव्वळ खरेदीचा प्रश्न उरत नाही. ज्यातून जग पाहायचे त्या साधनाचाच दोष कशाने ओळखायचा, आणि दोष ठाऊक असलेल्या साधनावर विश्वास ठेवावा का, हे ज्ञानमीमांसेचे दोन मूलभूत प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते. माझे म्हणणे असे, की ज्ञानाला निर्दोष साधन लागत नाही. लागते ते दोषाची ओळख पटलेले साधन. मात्र ही ओळख आपोआप होत नाही, ती मुद्दाम करून घ्यावी लागते.

आपोआप का होत नाही, याचे उत्तर दोषांच्या स्वभावात आहे. दुर्बीण हातात घेतली की नजर आधी बाहेरच्या ओरखड्यांवर आणि पुढच्या भिंगावरच्या धुळीवर जाते. पण धुळीच्या चार कणांनी प्रतिमेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खरा घात आतला लोलक किंचित सरकल्याने होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दोन प्रतिमा थोड्या वरखाली झाल्या, तर डोळ्यांचे स्नायू ताण घेऊन त्यांना एकत्र आणतात. पाहणाऱ्याला चंद्र एकच दिसतो. अर्ध्या तासाने डोके दुखू लागते तेव्हा तो दोष जागरणाला देतो. म्हणजे दोष लपतो तो पाहणाऱ्याच्याच मदतीने. त्याला उघडे पाडायची युक्ती साधी आहे. समोरच्या घराच्या आढ्याची किंवा गच्चीच्या कठड्याची आडवी रेघ पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू काही इंच दूर न्यावी. तेव्हा डोळ्यांची सारवासारव सुटते आणि दोन नळ्यांतली रेघ वेगवेगळ्या पातळीवर गेली, तर ते दिसून येते. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे इथे थकव्यावरून दोषाचे अनुमान करायचे असते.

यावर मीमांसकांचा आक्षेप भारदस्त आहे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. साधनातला दोष कळला किंवा उलट सांगणारे दुसरे ज्ञान उपजले, तरच ते अप्रमाण ठरते. तोवर संशय घेत बसणाऱ्याचा व्यवहारच थांबेल. ही भूमिका मला बरीचशी मान्य आहे, कारण प्रत्येक पाहण्याआधी परीक्षा घेत राहिले तर पाहणेच होणार नाही. पण कुमारिलांची अट बाधक ज्ञान समोर येईल असे गृहीत धरते, आणि दुर्बिणीचा अनुभव दाखवतो की आपलेच डोळे त्या ज्ञानाला वर येऊ देत नाहीत. विरोध दिसत नाही याचे कारण विरोध नाही, असेच असेल असे नाही. तो दाबलेलाही असू शकतो. म्हणून रोज संशय नको, पण साधन हाती येताना एकदा आणि त्याला धक्का बसल्यावर पुन्हा, अशी परीक्षा हवीच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी विचारले होते, की प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुर्बीण डोळ्याने तपासली, मग डोळा कशाने तपासणार? न्यायसूत्रांनी यावर तराजूचा दाखला दिला आहे. सोने तोलणारा तराजू हे मापाचे साधन. पण वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तोच तराजू तपासता येतो, तेव्हा तो मापाचा विषय होतो. साधन आणि विषय या कायमच्या जाती नाहीत, त्या भूमिका आहेत आणि त्या बदलता येतात. ताऱ्यावर हे सहज पडताळता येते. तेजस्वी तारा टिंबासारखा न दिसता त्याला काटे फुटलेले दिसले, तर दुर्बीण फिरवून पाहावी. काटे तिच्याबरोबर फिरले तर दोष भिंगांचा. दुर्बीण जागच्या जागी ठेवून मान कलती केल्यावर काटे कलले तर दोष डोळ्याचा. दोन्ही साधने सदोष असूनही कोणता दोष कोणाचा, हे ठरते. परीक्षकाने परिपूर्ण असण्याची गरज नाही. त्याचा दोष वेगळा असला आणि भूमिकांची अदलाबदल करता आली, की पुरे. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले, तेव्हा ते काचेने निर्माण केलेले भास आहेत असे म्हणणारे होतेच. त्याची भिंगे आजच्या मानाने सामान्य होती. पण काचेतला दोष दुर्बीण वळेल तिकडे जातो. ते ठिपके गुरूपाशीच राहत होते आणि रात्रीगणिक आपापल्या जागा बदलत होते. सदोष साधनाने खरे ज्ञान दिले, कारण साधनाचे काय आणि आकाशाचे काय, हे वेगळे करता आले.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: स्वस्त वस्तूकडून एवढी अपेक्षा कशाला? इथे मर्यादा आणि दोष यांत भेद करायला हवा. दृश्याचा आवाका लहान असणे, चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसणे या मर्यादा आहेत. झालर काचेची आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो चंद्राला जांभळा म्हणणार नाही. कळलेली मर्यादा फसवत नाही. फसवतो तो खोटा दावा. अंगावर 10×50 कोरले असेल, तर पुढच्या भिंगाचा व्यास 50 मिलिमीटर आणि डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे वर्तुळ 5 मिलिमीटर हवे. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे वळवली की ते वर्तुळ दिसते. कडांना राखाडी छाया येऊन ते चौकोनी भासले, तर लोलकाची काच हलकी आहे. डोळ्याकडच्या भिंगातून टॉर्चचा उजेड सोडून पुढे उमटणारे वर्तुळ पट्टीने मोजले आणि ते 40 भरले, तर आत कडे बसवून भिंगाची कड झाकली आहे. कमी किंमत हा अपराध नाही. कमी असून जास्त भासवणे हा अपराध आहे, आणि तो महागड्या वस्तूलाही तितकाच लागू पडतो.

हा विचार दुर्बिणीपाशी थांबत नाही. श्रद्धा, परंपरा, शिकवण, स्वतःचा स्वभाव ही सगळी आपली पाहण्याचीच साधने आहेत, आणि त्यांतले एकही निर्दोष नाही. तेवढ्यावरून ती फेकून देणे म्हणजे गुरूचे चार चंद्र दाखवू शकणारी काच झालरीपायी टाकून देणे. पण त्यांतून सारे नीट जुळलेले दिसते, हाही त्यांच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. जुळवताना आपल्याला किती ताण घ्यावा लागतो, इकडे लक्ष हवे. ज्याला दोन चंद्र दिसतात त्याला आपले साधन बिघडल्याचे लगेच कळते. खरी काळजी एकच चंद्र दिसत असूनही ज्याचे डोके दुखते, त्याने करावी. दुर्बीण डोळ्यांपासून जराशी दूर नेऊन पाहण्याची गरज त्यालाच आहे.