पस्तीस डॉलरचा संगणक आणि श्रवणभक्ती

सुळेभावी हे बेळगावजवळचं गाव. 8 एप्रिल 1924 रोजी तिथे जन्मलेला शिवपुत्र कोमकळी सात-आठ वर्षांचा असताना गाऊ लागला, आणि गायला ते तबकड्यांमधलं गाणं. थोर गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या तो ऐके आणि जसंच्या तसं उचलून गाई. तीच तान, तीच मुरकी, समेवर येण्याची तीच ढब. ऐकणारे थक्क होत. एका लिंगायत स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि ते नाव कायमचं राहिलं. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी हा मुलगा मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला गेला, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. तबकडीतलं सगळं येतं, मग शिकायचं काय उरलं?

मुलाच्या गळ्यातून निघत होतं ते गाणं होतं, की गाण्याची नक्कल? हाच प्रश्न आज एका यंत्राविषयी विचारावा लागतो, आणि तो केवळ संगीताचा प्रश्न नाही. निपाणी-बेळगावच्या कितीतरी घरांत सकाळचा हरिपाठ आता मोबाईलवर लागतो. यंत्रातून आलेला अभंग ऐकणं ही भक्ती आहे का, हा प्रश्न त्या घरांचाही आहे.

आधी यंत्र पाहू. 29 फेब्रुवारी 2012 रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय नावाचा संगणक विक्रीला आला. सगळा संगणक एकाच बोर्डावर, आकार साधारण एटीएम कार्डाएवढा, किंमत 35 डॉलर. एबेन अप्टन आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांना मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून असा स्वस्त संगणक हवा होता. संगीतप्रेमींनी तो आपल्या कामाला लावला. 2021 साली आलेला वायफायवाला ‘पाय झीरो 2 डब्ल्यू’ तर 15 डॉलरचा. व्होल्युमिओ किंवा मूड ऑडिओसारखं सॉफ्टवेअर फुकट उतरवून एसडी कार्डावर टाकायचं आणि गाण्यांची हार्ड डिस्क जोडायची. स्क्रीन लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. गाणं निवडायचं ते हातातल्या फोनवरून. काही मॉडेलांवर असलेला हेडफोनचा जॅक कामचलाऊच आहे, त्यातून खरखर येते. म्हणून आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारा डॅकचा छोटा बोर्ड पायच्या पिनांवर बसवतात आणि तिथून ॲम्प्लिफायरला वायर नेतात. पूर्वी ज्या दर्जासाठी लाखभर रुपये मोजावे लागत, त्याच्या अगदी जवळचा आवाज असा काही हजारांत घरात येतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले हवेत, एवढं मात्र खरं.

त्या डिस्कवर असतं काय? सीडीच्या दर्जाच्या फाइलीत प्रत्येक सेकंदाला, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी, आवाजाची 44,100 मापं नोंदलेली असतात आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एक असतं. एक तासाचं गाणं सहाशेहून अधिक एमबी. फ्लॅक या पद्धतीनं ते जवळजवळ निम्म्यात मावतं आणि एकही आकडा हरवत नाही. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर तीन हजार तासांच्या आसपास संगीत. यंत्र बंद असताना तिथे आवाज नसतो, नुसते आकडे असतात. मग त्या वेळी गाणं कुठे असतं?

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसा दर्शनाचे पंडित, म्हणजे मीमांसक, म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चार त्याला जन्म देत नाही, फक्त प्रकट करतो. अंधारातला घडा दिवा लावल्यावर दिसावा तसा. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामी लोकव्यवहाराकडे बोट दाखवतात: गाय हा शब्द आठ वेळा उच्चारला असं लोक म्हणतात, आठ शब्द उच्चारले असं कुणी म्हणत नाही. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शब्द अनित्य ठरवला आहे, कारण त्याला सुरुवात असते आणि तो उत्पन्न होतो. एक ध्वनी दुसऱ्याला जन्म देतो आणि मावळतो, पाण्यावरच्या लाटेमागून लाट यावी तसा. दुसऱ्यांदा ऐकू येतो तो त्याच जातीचा, पण वेगळा ध्वनी.

रास्पबेरी पाय पाहून मीमांसकाला आनंद व्हावा असं वरवर वाटतं. आकडे झिजत नाहीत, निपाणीत आणि न्यू जर्सीत तीच फाइल तेच आकडे देते, यंत्र फक्त प्रकट करतं. पण इथे मोठी अडचण आहे. मीमांसकांचा नित्य शब्द अपौरुषेय आहे, त्याला कुणी कर्ता नाही. तबकडीतल्या गाण्याला कर्ता आहेच आहे. अमुक एका दिवशी, अमुक वयाच्या, अमुक गळ्यातून ते निघालं. त्या दिवशी घसा बसला असता तर वेगळं निघालं असतं. संगीतात नित्य म्हणावं असं काही असेल तर तो राग, आणि राग कुठल्याच एका रेकॉर्डिंगमध्ये संपत नाही. गायलेल्या गाण्यापुरता निकाल नैयायिकांच्या बाजूनं द्यावा लागतो. ते गाणं गेलं. डिस्कवर आहे तो त्याचा अत्यंत प्रामाणिक पुरावा.

गाणं राहतं कुठे, या प्रश्नाची दोन उत्तरं निपाणीच्या दोन अंगांना, मोटारीनं तास-दोन तासांच्या अंतरावर, जगून दाखवली गेली आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी असलेले अल्लादिया खाँ 1946 साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँ मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच तबकड्यांसाठी गायले आणि 1930च्या दशकात पुन्हा गायले. 1937 साली ते गेले; त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात. एकाचं गाणं यंत्रात राहिलं. दुसऱ्याचं माणसांत राहिलं: मंजीखाँ आणि भूर्जीखाँ या मुलांत, त्यांच्याकडे शिकलेल्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांत, मोगूबाई कुर्डीकरांत, केसरबाई केरकरांत. आणि तबकडीच न ठेवलेल्या त्या गुरूच्या शिष्या केसरबाईंची भैरवी 5 सप्टेंबर 1977 रोजी व्हॉयेजर-1 यानातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अवकाशात गेली. त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची ती भैरवी माणसानं बनवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा आज पृथ्वीपासून दूर आहे.

म्हणणारा माणूस समोर नसताना ऐकू आलेला आवाज तोच मानायचा का, हा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्रात फार नेमकेपणानं हाताळला गेला आहे. कुराणातल्या काही आयती वाचल्या किंवा ऐकल्या की सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकवून नमन, करावा लागतो. पण तीच आयत डोंगरातल्या प्रतिध्वनीतून किंवा पोपटाच्या तोंडून ऐकू आली तर? हनफी या धर्मशास्त्रीय परंपरेतल्या जुन्या ग्रंथांचं उत्तर आहे की सजदा बंधनकारक नाही. ध्वनिमुद्रण आल्यावर अनेक हनफी विद्वानांनी रेकॉर्डिंगलाही हाच नियम लावला. यात यंत्राचा अनादर नाही. पठण करणारा माणूस त्या क्षणी तिथे नाही, एवढंच त्यांनी ओळखलं.

भागवतात प्रल्हाद नऊ प्रकारची भक्ती सांगतो, त्यात श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समासही श्रवणभक्तीचाच. या क्रमाकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. श्रवण ही कीर्तनाची शेपटी नाही, ती स्वतंत्र भक्ती आहे आणि तिचा कर्ता ऐकणारा आहे. तेव्हा यंत्र कीर्तन करू शकत नाही. यंत्रासमोर बसलेला माणूस मात्र श्रवण करू शकतो. पहाटे देवळाच्या कर्ण्यावर लावून दिलेली, कुणीच न ऐकलेली भक्तिगीतं कुणाचीच भक्ती नव्हेत. घरातल्या स्पीकरवर दिवसभर चालू राहिलेला अभंगही तसाच. उलट निपाणीत विड्या वळता वळता एखादी बाई फोनवरचा एकच अभंग कान देऊन ऐकत असेल, तर तिचं श्रवण कुठल्याही फडातल्या श्रवणाइतकंच अस्सल आहे.

श्रवण ऐकणाऱ्याचं असेल तर मग आवाजाच्या दर्जाचा हट्ट कशाला? फोनचा स्पीकर पुरे की. या आक्षेपाचं उत्तर मिरजेत मिळतं. तिथल्या कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची सगळी करामत घोडीवर आहे. तिचा माथा असा घासतात की तार त्याला किंचित चाटत राहावी. वर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि जवारी खुलते, एकाच तारेतून वरचे कितीतरी स्वर फुटू लागतात. खर्ज नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. त्या गंधाराची तार तंबोऱ्याला नाही. तो कुणी छेडत नाही, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर. कुमार गंधर्वांचा तंबोरे जुळवण्याचा आग्रह सर्वश्रुत आहे.

फोनचा स्पीकर खर्जाची मूळ कंपनं वाजवूच शकत नाही, आणि फार दाबलेल्या एमपीथ्री फाइलीत जवारीची वरची झळाळी आधी जाते. म्हणजे ज्यावर गवई उभा असतो ती जमीनच काढून घेतली जाते. चांगला डॅक आणि न दाबलेली फाइल ही चैन नाही. ऐकायला बसलेल्या माणसासमोर ऐकण्याजोगं सगळं ठेवलं पाहिजे, ही श्रवणाची साधी अट आहे.

पण शुद्धतेचंही सोवळं होतं. काही शौकीन सेकंदाला 1,92,000 मापांच्या फाइलींशिवाय ऐकायला तयार नसतात. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढ्याला सीडीचा दर्जा पुरतो. 1925 साली विजेचा मायक्रोफोन येण्यापूर्वी गवई पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गात. त्या तबकड्यांत दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही उतरलेलंच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तेव्हाची तबकडी कितीही बारीक मोजली तरी त्यांचा आवाज वाढत नाही, तबकडीची खरखर तेवढी बारकाईनं ऐकू येते. आणि तरीही तो स्वर आजही काळजाला भिडतो. यंत्रानं पुराव्यात भर घालू नये आणि काही गाळू नये, इतकंच त्याचं काम. ते काम 15 डॉलरचा बोर्ड चोख करतो. पुढचं काम त्याचं नाही.

पुढचं काम काय, हे सुळेभावीच्या त्याच मुलाच्या आयुष्यात दिसतं. 1948च्या सुमारास क्षयानं ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला गेले. पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्या काळात ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. लहानपणी त्यांनी तबकडीतलं जसंच्या तसं उचललं होतं. आता ऐकलेल्या धुना त्यांनी मनात मुरवल्या, त्यांचा गाभा शोधला, आणि मालवती, लगनगंधार यांसारखे राग त्यातून उभे राहिले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. 1965 साली निघालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात हे काम वाचायला मिळतं. याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी वाट सांगतो. तबकडीवाल्या मुलाकडे पहिली पायरी होती, देवासच्या गवयाकडे तिन्ही होत्या. हातात तबकडी आहे की स्पीकर की माणसाचा गळा, याने हा फरक पडत नाही.

गायलेलं गाणं नाहीसं होतं हे मान्य केलं की पुराव्याची काळजी आलीच. सीमाभागातल्या घराघरांत 1980 आणि 1990च्या दशकांतल्या कॅसेटी पडून आहेत: गणपतीतल्या मैफली, सप्ताहातली कीर्तनं, गावच्या मंडळाचं एकादशीचं भजन. ते आवाज कुठल्याही कंपनीच्या ॲपवर नाहीत आणि येणारही नाहीत. टेपवरची चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर दमट हवेत खराब होतो, बुरशी धरते. बेळगावच्या पावसात तर लवकरच. स्वस्त संगणकाचा सर्वांत मोलाचा उपयोग इथे आहे.

चालू स्थितीतला कॅसेट डेक मिळवा. पायला आवाज आत घेण्याची सोय नसते, म्हणून यूएसबी साउंड कार्ड जोडा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर उतरवून फ्लॅकमध्ये ठेवा आणि मूळ प्रतीवरची खरखर पुसू नका. फाइलीबरोबर गाणाऱ्याचं, पेटी-तबल्याच्या साथीदारांचं, गावाचं नाव आणि साल लिहा. एसडी कार्डावर भरवसा ठेवू नका. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा. ज्या बुवांचा आवाज त्यात आहे, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तो कुठे टाकू नका, आणि पहिली प्रत त्यांनाच द्या. हे काम येत्या पावसाळ्याच्या आत व्हायला हवं.